अकरा मिनिटांचं पाणी

“आमचा घर सोड ह्या वर्षी, पास्कल. गुरवार पुढच्या घराक दी.”

दारावर आलेल्या कोळणीला आज मासळी नको म्हणून सांगावं, इतक्या सहज जॉयसी हे म्हणाली. दोन्ही हात तिने गाऊनच्या खिशांत घातले होते. पास्कलचं पेन वहीवर तसंच थांबलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी विहिरीतल्या पंपाचा फूट-व्हॉल्व मांडीवर घेऊन तिचा नवरा सोकोरो त्यातला चिखल खरवडत बसला होता. त्याने मान वर केली.

“काय म्हटलंस?”

“तुका नाय. पास्कलाक सांगलंय.”

नोव्हेंबर लागला की आरोंद्याच्या त्या वाडीत सायबीण फिरायला निघते. सायबीण म्हणजे मारियामाउलीची हातभर उंचीची मूर्ती. रोज संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन लोक तिला एका घरातून पुढच्या घरात नेतात. तिथे प्रार्थना होते, गाणी होतात, मग आलेल्या सगळ्यांना उकडलेले चणे आणि चहा. रात्री सायबीण त्या घरची पाहुणी. वाडीत सत्तावीस घरं आणि त्यांचा क्रम पास्कलच्या वहीत. त्या क्रमातून सुटतं ते फक्त कुलूप असलेलं घर. सोकोरो आल्मेडाच्या दाराला आजवर कुलूप लागलं नव्हतं. कडी लागायची तीसुद्धा मांजरासाठी.

“जॉयसीबाय, काय चुकला आमचा?” पास्कल म्हणाला. “गेल्या वर्षी माझ्या प्रिन्सान फटाको तुमच्या केळीत टाकलो, त्याचो राग आसा काय अजून?”

“राग कसलो रे! कंबर दुखता. चाळीस माणसांची चाय कोण करीत?”

“मी करतंय,” सोकोरो म्हणाला.

“तू?” जॉयसी हसली. “तुझ्या चायेक ग्रीसाचो वास येतलो. लोकांक वाटात, पंप पितो आमी.”

पास्कलही हसला. पण त्याने पेन खिशाला लावलं आणि दुसऱ्या खिशातून बोटभर पेन्सिल काढली. “उद्या मिसाक येशात ना? तेवा सांगा. तोपर्यंत मी पेन्सिलीन लिवतंय. पेनान लिवलेला खोडूक माका आवडणा नाय.”

तो गेल्यावर जॉयसी आत निघून गेली. तिची कंबर दुखत नव्हती, हे सोकोरोला ठाऊक होतं. तिची कंबर साठाव्या वर्षीही विहिरीचा काठ ओलांडून आत वाकत असे. बिघडले होते ते हात. वर्षभरापूर्वी उजवी करंगळी थरथरायला लागली, मग पंजा, मग डावा हात. गोव्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्या थरथरीचं नाव सांगितलं आणि म्हणाले, गोळ्यांनी फरक पडेल, पण हात पुरता थांबणार नाही. सोकोरोने त्यातला फरक पडेल एवढाच भाग घरी आणला. त्याने तिला दाबायला रबरी चेंडू आणून दिला, तांब्याचं कडं आणलं, कुठल्याशा तेलाच्या तीन बाटल्या आणल्या. चाळीस वर्षं तो पंप आणि पाइप दुरुस्त करत आला होता. जे सैल झालं ते आवळायचं आणि जे गळतं ते बंद करायचं, यापलीकडे जगात काही दुरुस्ती असते हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

गेल्या महिन्यात चहाचं पातेलं तिच्या हातून सुटलं आणि पाऊल भाजलं. शेजारच्या गौरजावैनीला तिने कढी सांडली म्हणून सांगितलं. सायबिणीच्या दिवशी चहा गौरजावैनीला करू दे, असं सोकोरोने सुचवून पाहिलं होतं. तिने भांडी घासता घासताच उत्तर दिलं होतं, “माझ्या घरात सायबीण येतली आणि चाय दुसऱ्याची? मगे सायबिणीन पण दुसऱ्याच घरात ऱ्हवांदे.”

आल्मेडांकडची चाय ही वाडीत चीज होती. प्रार्थना बुडवणारेही त्या चहाच्या वेळेला बरोबर हजर असत. आता चाळीस माणसांच्या चाळीस जोड डोळ्यांपुढे थरथरत्या हातात कप घेऊन जायचं तिला नको होतं. एवढीच गोष्ट होती, आणि तेवढ्यासाठी ती घराचं नाव वहीतून काढायला निघाली होती.

सोकोरोने फूट-व्हॉल्व खाली ठेवला, हात पुसले आणि खोलीतल्या कपाटावरचा पुठ्ठ्याचा खोका काढला.

तो खोका मे महिन्यापासून तिथे होता. मुलगा जोनाथन इंग्लंडात लोकांची स्वयंपाकघरं बसवायचं काम करतो. त्याने सुट्टीवर येणाऱ्या मावसभावाबरोबर पाठवला होता. आत एक उंच मानेचा नळ, दुधाच्या कॅनएवढी टाकी आणि माहितीची पुस्तिका होती. टाकी सिंकखाली बसवायची, वर नळ. दांडी फिरवली की उकळतं पाणी. “उकळता पाणी नळातसून?” मे महिन्यात सोकोरो फोनवर म्हणाला होता. “मगे चूल काय शोभेक ठेवची?”

दुपारच्या बसने क्लॉडिया आली. ती ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला, शनिवारी घरी येते. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर तिला आधी बापाचे पाय दिसले. बाकीचा बाप सिंकखाली होता.

“पपा! मांय खंय?”

“गौरजाकडे गेली. तिका सांगू नको.”

“ती येतली आणि तुझे तंगडे बघतली. मगे काय सांगू?”

“म्हणान तर तुझी वाट बघी होतंय. ता पुस्तक घे आणि वाच. मोठ्यान वाच, पण माका शिकवू नको.”

सिंकखाली पडद्याआड जॉयसीचा संसार होता. खारातल्या आंब्यांच्या दोन बरण्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, उंदराचा सापळा, आणि जोनाथन चौथीत असताना हरवलेली कंपासपेटी. हे सगळं जमिनीवर आलं होतं. क्लॉडिया इंग्रजी पुस्तिका वाचून मालवणीत सांगत होती आणि सोकोरो प्रत्येक वाक्याला “माका म्हायत आसा” म्हणत होता. नळासाठी कडप्प्याला भोक पाडायचं ठरलं. ड्रिल सुरू झालं आणि त्याचा आवाज ऐकून जॉयसी मागच्या दाराने धावत आली.

“अगो बाय माझ्या! वट्याक भोक!” ती दारातच ओरडली. “तीस वर्षां घासतंय मी तो कडप्पो! आणि माझे आंबे उजेडात कोणी काडले?”

“आंब्यांक वायच वारो लागांदे,” सिंकखालून उत्तर आलं.

“तुका लागलो वारो! क्लॉडिया, ह्याका भायर काड.”

“मांय, आता भोक पडला. आता पुढे जाऊकच व्हया,” क्लॉडिया म्हणाली. जॉयसी स्टुलावर बसली, हात खिशात घातले आणि नवऱ्याच्या पायांना शिव्या देत राहिली. त्या शिव्या ऐकत सोकोरोने चार तासांचं काम दोन तासांत केलं. टाकी उभी राहिली, पाण्याची जोडणी झाली, वायरिंग झालं. बटण दाबल्यावर टाकीवर लाल दिवा लागला; पाणी उकळलं की तो विझतो. सोकोरो उठून उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवून त्या चकचकीत नळाकडे बघत राहिला.

नळातून एक थेंब पडला.

सोकोरोने डोळे बारीक केले. दुसरा थेंब पडला, मग तिसरा.

“गळता,” जॉयसी म्हणाली.

“गळणा नाय. हवा आसा आत.”

“हवा ओली आसता काय?”

त्याने बटण बंद केलं, जोड उघडले, पांढरी टेप गुंडाळून परत आवळले. बटण दाबलं. पाणी तापायला लागलं आणि नळ परत ठिबकायला लागला. पुन्हा उघडलं, टेपवर तागाचा दोरा गुंडाळला. नळ ठिबकतच होता. जॉयसीला आता मजा वाटायला लागली होती. “गौरजावैनी!” तिने खिडकीतून हाक मारली. “येवा, बघूक येवा! पंपवाल्या सोकोरोच्या घरात नळ गळता!”

गौरजावैनी ओल्या हातांनीच आली. “खराच की काय! माझ्या सासऱ्यांनी तर सांगून ठेवलेला, सोकोरोन हात लावलो की खाडी पण गळूची थांबात.”

सोकोरोने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने हत्यारांच्या पेटीतून पितळेची टोपी काढली, नळाच्या तोंडाला बसवली आणि पान्याने घट्ट आवळली. थेंब थांबला.

“झाला,” तो म्हणाला. “आता बोला.”

क्लॉडिया पुस्तिकेची पानं भराभर उलटत होती. “पपा, थांब, हय कायतरी लिवला—”

पण त्याआधीच सोकोरोचा चेहरा बदलला होता. टाकीतून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. पाण्याला वाट मिळाली नाही की पंप असाच कण्हतो, आणि कण्हणाऱ्या पंपाजवळ उभं राहायचं नसतं. “भायर व्हा सगळी!” तो ओरडला, वाकून बटण बंद केलं, फडक्याने टोपी धरून आटे उलट फिरवले. टोपी निघाली तशी वाफेचा फुत्कार आला आणि त्यामागून चूळभर कढत पाणी सिंकमध्ये पडलं. मग सगळं शांत झालं.

मागच्या दारात तिघी उभ्या होत्या. क्लॉडियाने हळूच वाचून दाखवलं. पाणी तापलं की फुगतं. फुगलेलं पाणी नळातून ठिबकून जायलाच हवं. तोंड कधीही बंद करू नये.

“म्हणजे गळूकच व्हया?” सोकोरोने विचारलं.

“तापताना गळूक व्हया. तापला की आपसूक थांबता.”

सोकोरो सिंकला पाठ टेकून जमिनीवर बसला, आंब्यांच्या बरण्यांमध्ये. “चाळीस वर्षां लोकांचे नळ बंद करत इलंय,” तो म्हणाला, “आणि माझ्या घरात गळतो ठेवचो?”

“ठेव रे,” जॉयसी म्हणाली. तिने खिशातून हात काढला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. हात आपल्याच लयीत हलत होता. “ह्यो बघ. ह्यो पण तसोच. किती टेप मारशीत?”

ती हे हसत हसत म्हणाली होती. गौरजावैनीला एकदम चुलीवर ठेवलेलं काहीतरी आठवलं आणि ती गेली. क्लॉडिया बरण्या उचलायला लागली. सोकोरो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने उठून बटण पुन्हा चालू केलं आणि ठिबकणाऱ्या नळाखाली एक वाटी ठेवली.

थोड्या वेळाने थेंब आपोआप थांबला. जॉयसीने एक कप घेतला, सिंकमध्ये नळाखाली ठेवला. दांडी दाबून फिरवायची होती. तिने तळहाताने दाबली, फिरवली. दांडीवरचा हात हलत होता. पाण्याची धार हलत नव्हती. ती सरळ कपात पडली, काठापर्यंत आली आणि जॉयसीने दांडी सोडल्याबरोबर थांबली. एक थेंबही बाहेर नाही.

तिने तसाच दुसरा कप भरला, मग तिसरा. नुसत्या गरम पाण्याचे.

“पण ही काय चाय न्हय,” शेवटी ती म्हणाली. “चाय उकळूक व्हयी. वरसून पाणी ओतलेली ती सायबांची.”

“मगे घट्ट चाय दुपारीच उकळून ठेव,” क्लॉडिया म्हणाली. “दूध, साखर, आला, सगळा घालून. कपात दोन पळये घालूचे, वर नळाचा पाणी.”

जॉयसी फळीवरचे कप मोजायला लागली. सोकोरोने लेकीला बापलेकीतली खूण केली, म्हणजे गप्प राहा. रविवारी मिस सुटल्यावर चर्चच्या फाटकात तिने पास्कलला गाठलं. “ती पेन्सिल फेक,” ती म्हणाली. “पेन नाय तर माझ्याकडसून घे.”

उरलेले दिवस सोकोरोने स्वतःला कामाला लावलं. जुन्या पंपाच्या गाळण्यांची जाळी कापून त्याने सिंकवर बसेल असा जाळीचा पाट केला. त्यावर एका वेळी बारा कप राहत. सांडेल ते खाली सिंकमध्ये जाईल, कप उचलायची गरज नाही, नळाखाली सरकवला की झालं. मग त्याने घड्याळ लावून टाकीची परीक्षा घेतली. वीस-बावीस कप होतात, मग पाणी कोमट. परत उकळायला अकरा मिनिटं. बुधवारी सकाळी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अकरा. गुरुवारी सकाळी तो पास्कलकडे जाऊन आला.

“पयले वीस कप झाले की मी दारात येवन मान हलयतंय,” त्याने बजावलं. “तू अकरा मिन्टां गाणी म्हण. मगे दुसरे वीस.”

“सायबिणीची गाणी आणि तुझ्या टाकीच्या घड्याळावर?”

“चाय व्हयी मा?”

“अकरा म्हणजे तीन गाणी,” पास्कल म्हणाला. “तिसऱ्याचा कडवा दोनदा.”

गुरुवारी दिवेलागणीला सायबीण आली. पुढच्या खोलीत पांढऱ्या कापडावर मूर्ती ठेवली, मेणबत्त्या लागल्या. प्रार्थना सुरू झाली तेव्हा जॉयसी पहिल्या रांगेत होती, हात जोडलेले. जोडलेले हात थरथरले तरी कुणाला कळत नाही. प्रार्थना संपताच ती स्वयंपाकघरात गेली. पळीने घट्ट चहा कपात घालताना थोडा जाळीवर सांडला आणि खाली गेला. मग दांडी, मग धार. सोकोरो आणि गौरजावैनी बाहेर तबकं नेत होते. एकवीस कप झाले. सोकोरोने दारात येऊन मान हलवली. पास्कलने गाणं सुरू केलं.

तीन गाणी झाली. तिसऱ्याचं कडवं दोनदा झालं. सोकोरोने टाकीकडे पाहिलं. लाल दिवा तसाच. अकरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्याने वर पाहिलं तर छतावरचा बल्ब पिवळा, काजव्यासारखा. त्याने कपाळावर हात मारला. संध्याकाळी वाडीभर दिवे, टीव्ही आणि पंप चालू होतात आणि विजेचा जोर कमी होतो, हे आख्ख्या आरोंद्यात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्याने मोजलं होतं सकाळी.

तो दारात गेला आणि दोन्ही हात लांबवून दाखवले. पास्कलने डोळे मोठे केले आणि चौथं गाणं धरलं. मग पाचवं. मग त्याची गाणी संपली आणि त्याने नोव्हेंबरातच नाताळची गाणी सुरू केली. लोकांना वाटलं, या वर्षी काहीतरी विशेष आहे. सगळ्यांनी सूर लावला.

इकडे मुलांना जादूच्या नळाची बातमी लागली होती. आपापले कप घेऊन ती सरळ स्वयंपाकघरात घुसली. जॉयसी हात खिशात घालणार, एवढ्यात पास्कलची नात ओट्याला नाक टेकवून म्हणाली, “आजी, तुझो हात नाचता!”

सोकोरो दारात जागच्या जागी थांबला. मुलीच्या मागे दोन-तीन बायकाही आल्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं होतं.

जॉयसीने हाताकडे पाहिलं, मग मुलीकडे. “भायर गाणी म्हणतत मा?” ती म्हणाली. “म्हणान नाचता. तुझे पाय नाचनत नाय?”

मुलीने विचार केला आणि तिथेच नाचायला लागली. बायका हसल्या. एकीने पुढे होऊन कप जाळीवर मांडायला घेतले, दुसरी भिंतीला टेकून आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागली, जशी ती दर वर्षी सांगत असे. लाल दिवा विझला तेव्हा स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती. जॉयसी सगळ्यांदेखत दांडी दाबत होती आणि दर कपामागे कुणाला तरी टोमणा मारत होती.

“आल्मेडांकडची चाय ह्या वर्षी वायच येगळी लागता,” कप रिकामा करत पास्कल म्हणाला. त्याचा घसा बसला होता.

“बरी येगळी काय वायट येगळी?” जॉयसीने विचारलं.

“पंचवीस मिन्टां गायल्यावर पाणी पण बरा लागला असता.”

लोक पांगले. क्लॉडिया आणि गौरजावैनी पडवीतले कप गोळा करत होत्या. पुढच्या खोलीत मेणबत्त्या जळत होत्या. जॉयसी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, पाय लांब करून.

“तू चाय घेतलंस?” सोकोरोने विचारलं.

“खंय वेळ होतो?”

त्याने एक कप धुतला. पातेल्यातल्या तळाच्या घट्ट चहातली एक पळी त्यात घातली आणि नळाखाली धरला. कप अर्धा भरला तशी त्याने दांडी सोडली आणि कप तिच्यापुढे केला.

जॉयसीने आधी कपात पाहिलं, मग त्याच्याकडे.

“अर्धोच?”

“अर्धोच.”

“कंजूस मेलो,” ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कप घेतला. चहा कपाच्या काठापर्यंत चढायचा आणि मागे जायचा. सांडत नव्हता. तिने सावकाश, घोट घोट घेत तो संपवला आणि रिकामा कप पुढे केला. सोकोरो उठला आणि आणखी अर्धा भरून आणला.